दोनदा वाफवलेला संच

“जाळून टाकायचा? अख्खा संच?” भट्टीकाकांनी विचारलं. इस्पितळातली शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, वाफवून शुद्ध करण्यात त्यांची हयात गेली होती. खरं नाव आता पगारापुरतंच उरलं होतं.

“अख्खा,” मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ज्या आजोबांच्या मेंदूचा तुकडा तपासायला काढला होता ना, ते गेले. त्यांना प्रायॉनचा आजार होता. आज कळलं.”

“पण माझ्या वाफेतून जंतू वाचत नाही, बाई.”

“जंतू असता तर मेलाच असता. हे जिवंतच नाही, काका. आपल्याच शरीरातलं प्रथिन, पण घडी चुकलेली. शेजारच्या चांगल्या प्रथिनाला चिकटलं की त्याचीही घडी बिघडवतं. मग ते पुढच्याची. नेहमीच्या वाफेला ते दाद देत नाही.”

आजोबांनंतर तो संच एकदाच वापरला होता, काकांच्याच धाकट्या बहिणीच्या डोक्यातली गाठ काढायला. वशिला लावायचा तर लोक चांगली खोली मागतात, मोठा डॉक्टर मागतात; काकांच्या हातात होता तो एवढाच. त्यांनी कपाटातून स्वतः हा संच निवडला, शुद्ध झालेला असूनही पुन्हा वाफेत घातला आणि मगच आत पाठवला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

“तिला होणारच?”

“सांगता येत नाही. तिच्या प्रथिनाची ठेवण जराशी वेगळी असली, तर याची डाळ तिथे शिजणार नाही. जुळली, तर काही वर्षांनी... औषध नाही त्यावर. शिवल्यानं, उष्ट्यानं पसरत नाही, एवढं नक्की. उद्या आम्ही सांगू तिला.”

“मी सांगतो. माझ्या हातून गेलाय तो.”

घरी बहीण खिडकीशी बसली होती. डोक्यावर नुकते कुठे खुरटे केस उगवले होते. “आलास दादा? एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा का केलायस?”

काकांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. संच कुणी निवडला, तेही सांगितलं. तिनं ओरडावं, हाताला येईल ते फेकून मारावं, असं त्यांना फार वाटत होतं.

“म्हणजे टांगती तलवार,” ती म्हणाली. “किती वर्षं?”

“ठाऊक नाही गं.”

“आणि तू तो दोनदा वाफवलास? माझ्यासाठी?”

काकांनी मान हलवली.

“वेडा आहेस,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिनं हातातला अर्धा प्यायलेला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि बाकीच्या पेल्यांपासून दूर, पार कडेला सरकवला. “आजपासून माझं भांडं वेगळं ठेव. घरात नातवंडं आहेत तुझी.”

तसं काही नसतं, हे सांगायचं काकांकडून राहूनच गेलं होतं. त्यांनी हात लांब करून तो पेला उचलला आणि तिचं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.