लहानूचा बडग्या

लहानू प्रेसवाला तुरुंगातून सुटून आला आणि नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीपुढे क्षमेचा प्रश्न उभा राहिला. तोवर तिथे फक्त इस्त्रीचा प्रश्न होता.

झालं होतं असं. गल्लीतली बर्फी नावाची कुत्री एका लग्नघरच्या धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन झोपली आणि लहानूने रागाच्या भरात तापलेली इस्त्री तिच्या पाठीला लावली. चारुलताबाईंनी हे आपल्या गॅलरीतून पाहिलं. बर्फीला चादरीत गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं त्यांनी, पोलिसांत तक्रार दिली त्यांनी, आणि कोर्टाच्या तारखांना पोळीभाजीचा डबा घेऊन बसल्याही त्याच. शेवटी लहानू न्यायाधीशांपुढे म्हणाला, "केलं साहेब." तीन महिने आत गेला. बर्फीची जखम भरली, पण पाठीच्या डाव्या बाजूला इस्त्रीच्या आकाराचा त्रिकोण राहिला. त्यावर केस काही आले नाहीत.

आता लहानूने निरोप पाठवला होता: कडुनिंबाखाली पुन्हा इस्त्रीची गाडी लावू का? गल्लीने एकमताने ठरवलं, चारुताई म्हणतील तसं. या गल्लीत एकमत क्वचितच होतं, आणि झालं की ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं जातं.

चारुलताबाईंची झोप उडाली. हो म्हणावं तर बर्फीच्या पाठीकडे बघवेना. नाही म्हणावं तर कोर्टाच्या तीन महिन्यांना आपण घरबसल्या जन्मठेप जोडतोय, असं वाटे.

"मी यात काहीच म्हणत नाही," त्यांचे यजमान गिरिधरराव म्हणाले. त्यांच्या अंगातला चुरगळलेला शर्ट मात्र बरंच काही म्हणत होता.

शेजारच्या पार्वतीबाईंना असला संकोच नव्हता. "भोगून आला ना तो? मंग आता काहून अडून राहिली वं चारू?"

"मावशी, तुमच्या पाठीला लावली असती म्हणजे?"

"माह्या पाठीले? मी त्याले तिथंच झोडपला असता. कोर्टात कायले गेली असती?"

अशात मारबत जवळ आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मोठी मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत या दोन मोठ्या बाहुल्या, आणि सोबत त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या. ओरडत मिरवायचा आणि जाळून मोकळं व्हायचं. या गल्लीचा स्वतःचा छोटा बडग्या असे. गेल्या वर्षी डास होता. यंदा, गेल्या मारबतीनंतर राहायला आलेल्या गौरांगने सुचवलं, "कुत्र्याला भाजणारा इस्त्रीवाला काढू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारुलताबाईंनी अडवलं नाही. लोकांचा राग एकदाचा निघून जाईल आणि मग आपल्याला नीट सुचेल, असा त्यांचा हिशेब.

गौरांगने बडग्या समितीच्या जुन्या वहीतून 'बडग्यावाले' असा नंबर शोधून मेसेज टाकला. हातात इस्त्री, मिशी, शेजारी कुत्रा. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "कुत्रा किती मोठा?"

"खऱ्याएवढा."

"होईल."

पोळ्याच्या संध्याकाळी पार्वतीबाईंनी सहज विचारलं, "कोणाले सांगितलं गा बनवाले?" गौरांगने नंबर दाखवला. पार्वतीबाईंनी आपला फोन काढून शेजारी धरला. त्यात तोच नंबर 'लहानू प्रेस' म्हणून होता.

"अरे बाप्पा! दरवर्षी तोच तं बनवते!"

हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर गौरांगला कोणी सांगितलं नव्हतं.

चारुलताबाईंचे कान तापले. माणसाला स्वतःचाच पुतळा बनवायला लावायचा, ही शिक्षा कोर्टालाही सुचली नव्हती. त्यांनी तीनदा फोन केला. लहानूने उचलला नाही. हात कागद चिकटवायच्या चिकीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढणारी पोरं रस्त्यातच थांबली. लहानू आपल्या इस्त्रीच्या गाडीवर बडग्या घेऊन आला होता. स्वतःचीच फाटकी बनियान त्याला घातली होती. पोट तेच, मिशी तीच, कपाळावरची आठीसुद्धा तीच. शेजारी कागदाची कुत्री. चारुलताबाई गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्रिकोण होता. डाव्या बाजूलाच होता.

"लहानू, तुला कळलं नव्हतं का हा कोणाचा आहे?"

"वाचता येते ना ताई मले."

"मग नाही म्हणायचं होतंस!"

"काहून? दुसऱ्यानं माही मिशी बिघडवली असती."

गिरिधरराव एकाएकी आभाळात ढग शोधू लागले.

"एकच सांगतो," लहानू म्हणाला. "कुत्री येगळी बांधली आहे. ही दोरी ओढली का गाठ सुटते. पेटवाच्या आधी काढून घ्या. तिले जाळू नका."

समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या, बॅनर छापून आलं होतं. आणि कुत्रीला भाजल्याचा निषेध म्हणून आपण कुत्रीलाच जाळायला निघालो होतो, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. गौरांग फोनची बॅटरी किती उरली ते पाहू लागला.

चारुलताबाईंनी दोरी ओढली. कागदी कुत्री त्यांच्या हातात आली, अगदी हलकी.

मग "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" करत मिरवणूक मागच्या मैदानात गेली. सर्वांत खणखणीत आवाज लहानूचाच होता. बडग्या पेटला. मिशी जळेपर्यंत लहानू टक लावून उभा होता.

"जळला तो जळला," पार्वतीबाई कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "उद्या तोच परत काढते का कोणी?"

चारुलताबाई लहानूजवळ गेल्या. "हे बघ, माफ मी करू शकत नाही. पाठ माझी भाजली नव्हती."

"माहीत आहे ताई."

"पण गाडी लाव. उद्यापासून."

लहानूने मान हलवली. धुराचं निमित्त करून त्याने डोळे पुसले. चारुलताबाई घरी आल्या, कागदी कुत्री कपाटावर ठेवली आणि भर दुपारी दोन तास घोरत झोपल्या. इतक्या दिवसांत त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं, म्हणून गिरिधरराव एकदा घाबरून डोकावूनही गेले.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली गाडी लागली आणि सगळी गल्ली गठ्ठे घेऊन उभी राहिली. "कडक पाहिजे," साड्यांचा ढीग ठेवत चारुलताबाई म्हणाल्या. तेवढ्यात बर्फी आली. गाडी पाहून जागीच थिजली, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या ओट्यावर जाऊन बसली, लहानूकडे तोंड करून. लहानूने इस्त्री गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. तिला हाक मारली नाही की बिस्किट टाकलं नाही. बर्फीकडची शिक्षा अजून चालू होती, आणि त्याने त्याविरुद्ध अपील केलं नव्हतं.

गिरिधररावांनी पहिला कडक शर्ट चढवला आणि गल्लीत तीन चकरा मारल्या. काम काहीच नव्हतं.

तिसऱ्या चकरेला त्यांनी बायकोला खुणेनेच खाली बोलावलं. समोरच्या ओट्यावर बर्फीला झोप लागली होती, डावी बाजू वर करून.