काचेच्या दाराची कडी

चंद्रपूरहून ऊर्जानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली निवास आहे. तिथल्या बावीस म्हाताऱ्यांत जंगलातून आलेली एकटी बायनाबाई, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीपलीकडच्या रानातलं तिचं गाव. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, म्हणून तीन वर्षांपूर्वी ती इथे आली होती.

दीपिका नावाची आर्किटेक्ट मुलगी निवासात 'रानखोली' करायला आली, तेव्हा सगळ्यांनी बायनाबाईलाच पुढे केलं. खोलीच्या एका भिंतीवर कापडी खिशांतून झाडं लावलेली, त्यांना आपोआप पाणी मिळे. छतातले दिवे सकाळी पिवळे, तिन्हीसांजेला तांबूस होत. पानांआड लपवलेल्या स्पीकरांतून गडचिरोलीच्या जंगलात टिपलेले पक्षी बोलत. ज्यांना बाहेर पडवत नाही त्यांच्यासाठी जंगलच घरात आणायचं, असं दीपिकाचं म्हणणं.

"बाई, तुमचा बुलबुल तासातासाला तेच बोलते," बायनाबाई तिला म्हणाली. "म्हातारा झाला काय तो? आमच्यासारखा?"

दीपिका हसली आणि नवीन आवाज आणते म्हणाली.

बायनाबाईची रोजची सोबतीण म्हणजे नीलाबाई. राजुऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, आता वॉकर घेऊन चालणाऱ्या. दोघी दुपारी रानखोलीत बसत. बायनाबाई सांगे, नीलाबाई ऐकत. एक गोष्ट तर सगळ्या निवासाला पाठ होती. विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडताना जवळच वानर खोकललं. वानराचं तसलं खोकणं म्हणजे वाघ हिंडतो आहे. मग बायांचा नेम असा, की कोणी पळायचं नाही. आधी एकमेकींची नावं घ्यायची, प्रत्येकीनं ओ द्यायची, आणि सगळ्या एका ठिकाणी आल्या की मिळूनच निघायचं. त्या दिवशी भागीरथाची ओ आली नाही. तिच्या पायात काटा मोडला होता. सहा जणी मागे फिरल्या आणि तिला खांद्यावर घेऊन आल्या. त्या सहांत बायनाबाई होती, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

"वाघाले एकटी बाई पाह्यजे असते," ती शेवटी म्हणे. "मंग एकटं सोडाचं काऊन?"

तो मंगळवार होता, दुपारचे साडेचार. पंधरा दिवसांपूर्वी निवासाच्या मागच्या कुंपणाशी वाघाचे ठसे दिसले होते. वनखात्याची माणसं सूचनेचा कागद लावून गेली होती. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या त्या पट्ट्यात हे काही नवं नाही. पण तेव्हापासून मागच्या अंगणात कोणी फारसं थांबत नसे. नीलाबाईंना मात्र डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि त्या अंगणात फेऱ्या घालत होत्या. बायनाबाई रानखोलीत काचेच्या दाराशी वाती वळत बसली होती.

अचानक बाहेरून वानर खोकललं. घोगरं, कोरडं, दोनदा. लागलीच चितळाची हाक आली.

वाती खाली पडल्या. बायनाबाई उठली. अंगणात, दारापासून दहा-बारा पावलांवर, वॉकर घेऊन नीलाबाई उभ्या होत्या. त्यांनीही आवाज ऐकला होता. आवाजाचा अर्थ त्यांना बायनाबाईनेच शिकवला होता. त्या दाराकडे येऊ लागल्या, वॉकर उचलायचा, टेकवायचा, एक पाऊल, पुन्हा उचलायचा.

बायनाबाईनं त्यांना पाहिलं. नीट पाहिलं. मग दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

काचेवर थाप पडली. "बायनाबाई, दार उघडा. अवो, मी आहो." दुसरी थाप, तिसरी. बायनाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. काचेतून त्या थापा तिच्या खांद्याला लागत होत्या. ती हलली नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. निवासाचं काम पाहणारे खुशालभाऊ आतून धावत आले आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. "अवो बाई, दीपिका मॅडमनं आज व्हरांड्याच्या खांबाले नवीन स्पीकर लावले. तो टेपचा वानर आहे." त्यांनीच कडी काढली.

नीलाबाई आत आल्या. एका पायात चप्पल नव्हती. लुगड्याचा पुढचा भाग ओला झाला होता. "बाटलीतलं पाणी सांडलं," त्या कोणाकडे न बघता म्हणाल्या आणि आपल्या खोलीकडे गेल्या. त्यांच्याजवळ बाटली नव्हती, हे एकट्या बायनाबाईच्या ध्यानात आलं.

रात्रीच्या जेवणाला सगळा निवास हसत होता. रेल्वेतून निवृत्त झालेले बापूजी म्हणाले, "बायनाबाई, वाघानं आधार कार्ड दाखवलं असतं तर घेतलं असतं का आत?" कोणाला वाटलं, नीलाबाई बाहेर आहेत हे हिला ठाऊकच नव्हतं. कोणी तिच्या कानाचं कौतुकही केलं. अस्सल जंगली कान, टेपमधलं खोकणंसुद्धा ओळखते. बायनाबाईनं भाताचा घास तोंडात धरून ठेवला. नीलाबाईंचं ताट खोलीत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी दीपिकाला बोलावून चांगलंच झापलं. म्हाताऱ्या माणसांना असे धोक्याचे आवाज ऐकवतात का? कोणाला झटका आला असता तर? दीपिका मान खाली घालून माझी चूक, माझी चूक म्हणत राहिली. दारातून बायनाबाई ऐकत होती. पोरीला कुठून माहीत असणार की ते खोकणं म्हणजे काय असतं? माहीत असणारी तर इथे उभी होती, आणि गप्प होती.

दोन दिवस नीलाबाई रानखोलीत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बायनाबाई त्यांच्या खोलीत गेली. त्या पलंगावर चष्मा पुसत बसल्या होत्या. खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"कसं वाटून राह्यलं बाई, आता?" बायनाबाईनं विचारलं.

"ठीक आहे."

"मले त्या दिवशी काही सुचलंच नाई..."

"एक सांगा." नीलाबाईंचा आवाज वर्गात उत्तर मागणाऱ्या बाईंसारखा शांत होता. "तुमी मले पाह्यलं होतं का?"

बायनाबाईला वाटलं, नाही म्हणावं. काचेवर ऊन होतं, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काहीही म्हणता आलं असतं, आणि नीलाबाईंनी कदाचित ते मानूनही घेतलं असतं.

"पाह्यलं होतं," ती म्हणाली. "तुमचा चेहरा पाह्यला, आन् मंगच कडी लावली."

नीलाबाईंनी चष्मा घातला.

"थापा मारताना मले वाटे, आता उघडते, आता उघडते," त्या म्हणाल्या. "वाघाचं भेव नंतर वाटलं. आधी तेच वाटे."

बायनाबाईला पदर डोळ्यांना लावायचाही धीर झाला नाही. तो हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

"त्या पोरीवर सगळे खापर फोडून राह्यले," नीलाबाई पुढे म्हणाल्या. "तिले तरी सांगा. माह्याजवळ आता काही नका सांगू."

बायनाबाई ऑफिसात गेली. दीपिका लॅपटॉप उघडून तो आवाज शोधत होती, खुशालभाऊ चहा ओतत होते, बापूजी पेपर वाचत होते. बायनाबाईनं बसायच्या आधीच सांगून टाकलं: नीलाबाई बाहेर होत्या, मी पाहिलं, आणि दार लावलं. बापूजींनी पेपर खाली केला.

"वानराचा आवाज काढून टाक, बाई," बायनाबाई दीपिकाला म्हणाली. "नीलाबाईच्या कानावर तो परत नाई पडला पाह्यजे. पन तुही चूक नोहोय. तू आणला तो खराच होता."

दीपिका उठून तिच्याजवळ आली, तिचा हात हातात घेतला. "आजी, असं मनाला लावून घेऊ नका. जिवावर बेतलं की कोणीही असंच करतं."

बायनाबाईनं हात सोडवून घेतला.

"नाई," ती म्हणाली. "सगळे नाई करत."