शेंदरी छत्रीने दाखवलेलं प्राग

मित्रांनो, मी एक जुनी, शेंदरी रंगाची छत्री आहे. छत्री म्हटल्यावर तुम्हाला लगेच पाऊस आठवला असेल. पण आधीच सांगून टाकते, उभ्या आयुष्यात माझा आणि पावसाचा फारसा संबंध आला नाही. मला उघडायचंच नाही, असा माझ्या मालकांचा दंडक होता. मी मिटलेली बरी, आणि तीही सगळ्यांच्या डोक्यांवर उंच धरलेली. माणसांना हरवू न देणं हे माझं काम होतं, आणि ते मी चोख केलं. थोडी बढाई मारते, पण म्हातारपणी तेवढं चालायचंच.

माझा जन्म पुण्याचा. बोहरी आळीतल्या एका कारागिराने मला खास मागणीवरून बनवलं. काड्या जाड, दांडा नेहमीपेक्षा लांब आणि कापड इतकं भडक की दुकानातल्या काळ्या छत्र्यांनी पहिल्याच दिवशी नाकं मुरडली. मागणी करणाऱ्या गृहस्थांचं नाव राजाराम. ते एका प्रवासी कंपनीत टूर लीडर होते. दर उन्हाळ्यात मराठी मंडळींना घेऊन ते युरोपला निघायचे. तिथल्या जुन्या शहरांचे बोळ अरुंद असतात, तिथे बस जात नाही, पायीच फिरावं लागतं. अशा वेळी सगळ्यांत पुढे मी, आणि माझ्यामागे अख्खा ताफा.

त्या शहरांत माझं लाडकं प्राग. फेरी छोटीशीच असायची. जुन्या वेशीच्या काळपट बुरुजापासून निघायचं, फरसबंदी रस्त्याने चौकात यायचं, तिथलं शेकडो वर्षांपूर्वीचं घड्याळ पाहायचं आणि मग दगडी पुलावरून नदी ओलांडायची. राजारामरावांचा आवाज खणखणीत होता. "मंडळी, आधी पायांकडे बघा, मग शहराकडे! दगड गुळगुळीत आहेत." मंडळी अर्थातच ऐकायची नाहीत. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटायचा, कुणी पुलावर चिवड्याचा डबा उघडून बसायचं, तर कुणी पुलावरच्या संतांच्या पुतळ्यांपुढे सवयीने हात जोडायचं.

एकदा तर फारच गंमत झाली. चौकात दुसऱ्या कंपनीची एक बाई तशीच शेंदरी छत्री उंच धरून उभी होती. आमची अर्धी मंडळी तिच्या मागे चालू लागली आणि बराच वेळ शहराची माहिती इटालियन भाषेत ऐकत राहिली. राजारामराव धापा टाकत त्यांना परत आणायला गेले, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "बाई सांगत छान होती हो, फक्त जरा भरभर." घरी आल्यावर हा किस्सा ऐकून श्यामलाबाई पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या साडीचा हिरवा काठ माझ्या टोकाजवळ शिवून टाकला. त्यानंतर आमचं माणूस परक्या छत्रीमागे कधी गेलं नाही.

श्यामलाबाई म्हणजे राजारामरावांच्या पत्नी. दर वर्षी त्यांची बॅग त्याच भरायच्या, मला पुसायच्या आणि निघताना विचारायच्या, "अहो, माझा नंबर कधी?" राजारामराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." मग एका वर्षी सासूबाईंचं आजारपण आलं, एका वर्षी मुलीची दहावी. शिवाय हंगामात घरची माणसं बरोबर न्यायची कंपनीची परवानगीच नव्हती. श्यामलाबाई प्रागचे फोटो अल्बमात लावायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवायच्या. घड्याळाच्या फोटोवर मात्र त्या पान पटकन उलटायच्या. खुंटीवरून मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं.

पुढे राजारामराव निवृत्त झाले. त्यांची मुलगी देवयानी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला राहते. ओटाहुहुमधल्या एका औषधांच्या दुकानात ती फार्मासिस्ट आहे आणि घर बॉटनी डाउन्सला. तिने आईबाबांना आपल्याकडे राहायला बोलावलं, तेव्हा मीही बॅगेत तिरकी होऊन आले. पण इथला वारा छत्रीला पार उलटी करून टाकतो. लोक छत्रीच्या भानगडीत पडतच नाहीत, रेनकोटची टोपी पुढे ओढली की झालं. मला गॅरेजच्या दारामागे टांगलं गेलं. शेजारी समुद्रावर न्यायचे टॉवेल आणि वाळू लागलेले जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. एका कोळ्याने माझ्या काड्यांमध्ये संसार थाटला आणि मी त्याला थोपवूही शकले नाही.

तरी आशा होती. या वर्षी दोघांनी इथूनच युरोपला जायचं ठरवलं होतं. कंपनी नाही, ताफा नाही, दोघंच. श्यामलाबाईंनी चालायचे बूटसुद्धा आणले होते. आणि मग एके दिवशी जिना चढताना त्यांना धाप लागली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगितलं की इतका लांबचा विमानप्रवास आता नको. श्यामलाबाई "बरं" म्हणाल्या. त्या दिवसापासून राजारामरावांचं बोलणं आटलं. ज्या माणसाच्या आवाजावर परक्या देशात माणसं निर्धास्त चालायची, तो माणूस खिडकीशी गप्प बसू लागला.

अशातच देवयानीने घर आवरायला काढलं. जुने कपडे, खेळणी, भांडी असं सगळं पिशव्यांत भरून ऑप शॉपला द्यायचं होतं. ऑप शॉप म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. राजारामराव गॅरेजमध्ये आले, त्यांनी मला काढलं, क्षणभर हातात धरलं आणि सरळ एका पिशवीत खुपसलं. मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी तेव्हा रडले असते.

पण माझा दांडा लांब. पिशवीतून निम्मी बाहेरच राहिले आणि श्यामलाबाईंच्या नजरेला पडले.

"अहो, हिला कुठे पाठवताय?"

"कुणाला तरी उपयोग होईल. मला आता कुणाला काय दाखवायचंय?"

"मला दाखवायचं राहिलंय की."

"श्यामला, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"विमान नको म्हणाले. रोज थोडं चाला, असंही म्हणाले. ते चालणं करायचंच आहे, मग प्रागमध्ये चालू या ना." त्यांनी मला पिशवीतून उपसलं. "तुम्हाला ते शहर तोंडपाठ आहे. मांडा ते इथे, आपल्या रस्त्यावर. आणि थट्टा नाही करत हं मी. मला खरंच पाहायचंय हो."

राजारामरावांनी मान वर केली. मग त्यांनी माझ्यावरची जळमटं शर्टाच्या बाहीने पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची फेरी निघाली. श्यामलाबाईंनी साडीवर नवे बूट घातले होते. देवयानीची मुलगी इशिता फोन घेऊन सोबत होती, कारण आईचा हुकूमच होता, "आजी दमली की लगेच मला कॉल कर, मी गाडी घेऊन येते." इशिताला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

फाटकाबाहेर राजारामरावांनी मला वर उचललं. किती दिवसांनी मला आभाळ दिसलं! त्यांनी घसा खाकरला. "मंडळी! ही शहराची जुनी वेस. राजे याच वेशीतून मिरवत आत यायचे."

"आजोबा, दॅट्स अ व्हीली बिन," चाकांच्या कचरापेटीकडे बोट दाखवत इशिता म्हणाली.

"आत्ता तो बुरुज आहे. पुढे बघ."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', असं म्हणून ती हसत चालू लागली.

आणि मित्रांनो, आवाज परत आला! राजारामराव सवयीप्रमाणे उलटं चालत होते, तोंड पत्नीकडे आणि पाठ रस्त्याकडे. एका पत्रपेटीला ते धडकले, तिलाच सॉरी म्हणाले आणि पुढचा किस्सा सांगू लागले. इथे एका बाईंची चप्पल दगडांत अडकली होती, इथे दोघं जावई-सासरे भांडले होते. कुत्र्याला फिरवणारी एक बाई "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत थांबली, चार वाक्यं ऐकून घेतली आणि काही न कळताही टाळ्या वाजवून गेली. श्यामलाबाई डोळे मोठे करून प्रत्येक कुंपणाकडे, प्रत्येक छपराकडे बघत होत्या.

तेवढ्यात सर आली. ऑकलंडचा पाऊस असाच, न विचारता येतो. राजारामराव मला उंच धरून तसेच चालत राहिले, मी मिटलेली आणि खाली सगळे भिजताहेत.

"अहो, उघडा की ती!" श्यामलाबाई ओरडल्या.

राजारामरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. खटका दाबला. मी कण्हत-कुंथत उघडले. एक काडी वाकली, कोळी बिचारा उडी मारून पळाला, आणि माझ्या कापडाला एक मोठं भोक आहे हे मलाही तेव्हाच कळलं. तिघं त्याखाली कशीबशी अंग चोरून कोपऱ्यावरच्या डेअरीत शिरली. इथे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात. ती जगदीशभाईंची होती.

"अरे, बैठो ना आंटी," म्हणत त्यांनी श्यामलाबाईंना स्टूल दिलं.

त्या दमल्या होत्या, पण दोन घोट पाणी पिऊन म्हणाल्या, "हं, चौक आला ना? आता घड्याळ दाखवा."

फ्रीजच्या वरती, आइस्क्रीमच्या जाहिरातीचं एक गोल घड्याळ टांगलेलं होतं. राजारामरावांनी मला तिकडे रोखलं आणि त्यांचं पाठ केलेलं सगळं सुरू झालं. "तासाचे ठोके पडायच्या वेळी सगळा चौक माणसांनी भरतो. वरच्या दोन खिडक्या उघडतात. सांगाडा घंटा वाजवतो, येशूचे शिष्य एकामागून एक खिडकीतून पुढे सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो."

"ते शिष्य खिडकीत येतात तेव्हा आपल्याकडे बघतात का हो? का नुसते निघून जातात?"

राजारामरावांनी मला खाली घेतलं.

"श्यामला, खरं सांगू? मला माहीत नाही. मी ते कधी पाहिलंच नाही."

"काहीतरीच काय! दर वर्षी जात होतात."

"जात होतो. पण ठोके पडले की सगळ्यांच्या माना वर आणि पिशव्या उघड्या. पहिल्याच वर्षी एका बाईंची पर्स गेली, पासपोर्टसकट. तेव्हापासून त्या वेळी मी घड्याळाकडे पाठ करून उभा राहायचो. डोळ्यांत तेल घालून मंडळींच्या पिशव्या बघायचो. माहिती सगळी पुस्तकातली आहे."

"एकदाही मान वळवावीशी नाही वाटली?"

राजारामराव जरा लाजले. म्हातारा माणूस लाजला की फार गोड दिसतो. "वाटायची. पण म्हटलं, राहू दे. तू येशील तेव्हा ही छत्री घरी ठेवू आणि दोघं मिळून निवांत बघू. तुझ्यासाठी शिल्लक ठेवलं होतं ते."

मित्रांनो, ते अगदी खरं होतं. मी उंच असायची, म्हणून घड्याळ मी दर वेळी पाहिलं. त्यांनी मात्र कधीच पाहिलं नाही, याला मी साक्षी आहे. आणि मला घरी ठेवायचा त्यांचा बेत ऐकून मला मुळीच राग आला नाही.

श्यामलाबाईंनी पदराने डोळे टिपले. "इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्यावर रुसले होते. एकटे बघून येता म्हणून. अहो, एकदा सांगायचंत तरी!"

"तू कधी विचारलंच नाहीस."

"आजी, आर यू ओके? मम्मीला कॉल करू?" घाबरून इशिताच्या तोंडून चक्क अर्धं मराठी बाहेर पडलं.

"नको गं. मी छान आहे." त्या स्टुलावरून उठल्या. "अहो, तास भरत आलाय. इकडे या. माझ्या बाजूला. आज पाठ नाही करायची."

राजारामरावांनी मला दुधाच्या क्रेटला टेकवलं आणि ते त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांनी हात हातात घेतले आणि माना वर केल्या. मिनिटकाटा बारावर सरकला. ना खिडकी उघडली, ना घंटा वाजली. फ्रीज तेवढा घरघरत होता. पण दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिली, पार शेवटपर्यंत. जगदीशभाईंनी गिऱ्हाइकाला खुणेनेच थांबवून ठेवलं.

"झालं?" श्यामलाबाईंनी हळूच विचारलं.

"झालं," राजारामराव म्हणाले. "पाहिलं एकदाचं."

मुलांनो, माझ्या काड्यांना तेल द्या, भोकाला ठिगळ लावा, मला आवडेल. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांजवळ जाऊन बसा आणि त्यांना विचारा, एकमेकांसाठी तुम्ही काय शिल्लक ठेवलंय? सांगतील ते. आणि मग त्यांना पुढच्या वर्षीपर्यंत थांबवू नका.