काचवाल्याचं बोट किती वाकलं?

मी एक जुना कोनमापक आहे. कंपासपेटीतला नव्हे हं, तो माझा दूरचा भाऊ. मी माणसांची बोटं मोजतो. दोन छोट्या पोलादी पट्ट्या, मधे एक रिबिट आणि अर्धगोलावर बारीक आकडे, एवढाच माझा संसार. एक पट्टी बोटाच्या अलीकडच्या पेरावर आणि दुसरी पलीकडच्या पेरावर ठेवली की बोट किती अंश वाकलं ते मी बिनचूक सांगतो.

मित्रांनो, माझा स्वभाव पहिल्यापासून चोंबडा. कारखान्यात कारागीर माझ्यावर रेघा कोरत होता, तेव्हासुद्धा मी त्याचं मनगट किती फिरतं तेच बघत होतो! पुढे एका दवाखान्यात आलो आणि हातांना व्यायाम देणाऱ्या मॅडमच्या खिशात बावीस वर्षं राहिलो. कापलेले, चेंगरलेले, भाजलेले हात त्यांच्याकडे यायचे. डॉक्टर शिवून द्यायचे आणि शिवलेलं पुन्हा हलतं करायचं काम मॅडमचं. मला सारखं वाटायचं, कातडीखाली नक्की चाललंय तरी काय? पण माझ्या वाट्याला नुसता आकडा.

एकदा एक काचवाला आला. खिडक्यांना काचा बसवणारा, भलता बोलघेवडा गडी. मोठी काच हातातून निसटली आणि त्याचा उजवा तळहात खोलवर चिरला होता. कातडी, स्पर्श कळवणारी नस आणि अंगठ्याशेजारचं बोट वाकवणारी दोरी, म्हणजे कंडरा, सगळंच तुटलं होतं. डॉक्टरांनी चार तास खपून ते जोडलं. ते बोट वाकलं नसतं तर त्याला काच कापायची हिरकणी धरता आली नसती, आणि दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

"आतली दोरी केसाएवढ्या धाग्याने जोडलीय," मॅडमनी सांगितलं. "अजिबात हलवली नाही तर ती आजूबाजूला चिकटून बसेल. जास्त ओढली तर तुटेल. म्हणून सांगेन तेवढंच हलवायचं, आणि हाताला आधार द्यायला बांधलंय ते स्प्लिंट काढायचं नाही."

मी तर चाटच पडलो. हलवावंही लागतं आणि हलवूनही चालत नाही! केवढी ही नाजूक भानगड!

पहिल्या मोजणीत पंचवीस आले, मग पस्तीस, मग चाळीस. "शाब्बास! वाढलं!" मॅडम म्हणायच्या. काचवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खरं सांगू का, माझ्याही. आम्ही दोघंही पुढच्या आकड्याला हपापलो होतो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्याची थोरली बहीण त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली. तिला सगळे ताई म्हणायचे. "सांग बाबा, काय पराक्रम केलास तो!"

एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस मान खाली घालून उभा होता. लेकीच्या कंपासपेटीतून त्याने माझा दूरचा भाऊ काढला होता. स्प्लिंट सोडून तो रोज जोर लावून बोट पाच-पाच अंश जास्त वाकवत होता. "काल साठपर्यंत नेलं, मॅडम. आत टक् झालं काहीतरी."

मॅडमनी मला बोटावर ठेवलं. त्यांच्या हाताने बोट अगदी सहज वाकलं. "आता तुम्ही वाकवा." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, दंड फुगला, पण बोट जागचं हललं नाही. शून्य. जोडलेली दोरी आतल्या आत तुटली होती. मित्रांनो, हे मला कळलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "आकड्याचं कौतुक करत मीच बसले होते." लगेच त्या त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. उद्या-परवा करत बसले असते तर दोरी आकसून गेली असती. ताईने वेळ दवडला नाही म्हणून ती पुन्हा जोडता आली.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आता मॅडम माझे आकडे स्वतःकडे वळवून धरायच्या आणि गुपचूप लिहून ठेवायच्या. काचवाला मान उंचावून बघायचा. "निदान वाढलं की कमी झालं, एवढं तरी सांगा!"

"भरतंय. जेवा, झोपा आणि स्प्लिंटला हात लावू नका."

"मी बसलेय ना लक्ष ठेवायला!" ताई म्हणायची.

मग मीही इतर गोष्टी बघू लागलो. लालबुंद व्रण हळूहळू फिका पडला. दगडासारखी कातडी मऊ होऊन सरकू लागली. पाचव्या महिन्यात बोटाच्या टोकावर कापूस फिरवला, तर तो दचकून म्हणाला, "अहो, गुदगुल्या होतात!" मॅडमना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. यातलं काहीच मला मोजता येत नव्हतं.

सहा महिने झाल्यावर मॅडमनी त्याच्यापुढे एक काच ठेवली. खोलीतल्या कपाटाचीच, नवीन बसवायची होती. त्याने खिशातून हिरकणी काढली. बोट तिच्यावर वाकलं आणि स्थिर झालं. सर्रकन रेघ उठली आणि काच सरळ दोन तुकड्यांत सुटली. त्याने दोन्ही तुकडे उचलून उजेडात धरले. ताईने डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "कडेला धार आहे, हात सांभाळ!"

मॅडमनी सवयीने मला बाहेर काढलं होतं. त्यांनी मला तसंच परत खिशात ठेवलं. बोट त्या दिवशी किती वाकलं, मला आजतागायत माहीत नाही.

आता माझं रिबिट सैल झालंय आणि मी खणात पडून असतो. मित्रांनो, जखमेला घाई करू नका. काही टक् झालं तर लपवू नका, त्याच दिवशी सांगा. आणि कुणी बरं होत असेल तर "किती झालं? किती झालं?" विचारून त्याला भंडावून सोडू नका. हे तुम्हाला मी सांगतोय, ज्याने जन्मभर दुसरं काही विचारलंच नाही.