गुलाबाईच्या चालीवर

पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता, आणि एरंडोलच्या त्या शाळेच्या मागच्या भिंतीला माणसं मुंगळ्यांसारखी चिकटली होती. कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर, कोणी सायकलच्या कॅरिअरवर. हातात चिठ्ठ्या, चिठ्ठीत गुंडाळलेले खडे. ऑक्टोबरची दहावी म्हणजे मार्चमध्ये पडलेल्यांची परीक्षा. एकदा पडलेल्याला उभं करायला सगळा गोतावळा भिंतीशी येतो.

प्रमिलाबाई त्यांच्यात नव्हत्या. त्या जरा लांब, निंबाखाली, पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. पिशवीत सागाच्या दोन टिपऱ्या होत्या. सकाळी फाटकाशी चंद्रकलेनं त्या काढून दिल्या होत्या. "बाई, धरा. आत नेऊ देणार नही." देताना पोर हसली होती. हसली, पण ओठ कोरडे होते.

नऊ मुली होत्या. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा गिरणाकाठच्या त्या गावात गणितात पडलेल्या नऊ मुली प्रमिलाबाईंनी दारोदार फिरून गोळा केल्या होत्या. शाळा सुटली की विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर वर्ग. फी नाही, हजेरी नाही, छडी नाही. आषाढात तिघी निंदणीला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. श्रावणात दोघींची लग्नं ठरली. एकीला मामानं सुरतेला नेलं. पोळ्यानंतर उरलेल्या तिघींतल्या दोघी म्हणाल्या, बाई, आमच्या डोक्यात नाही शिरत. ओटा झाडल्यासारखा रिकामा झाला आणि त्यावर एकटी चंद्रकला राहिली, सुकदेव सुताराची. सोळा वर्षांची, काटकुळी. फळ्यापुढे उभं केलं की जीभ टाळूला चिकटवणारी, पण गाणं एकदा ऐकलं की जन्माचं पाठ.

त्या गाण्यावरच प्रमिलाबाईंनी भिस्त ठेवली. गुलाबाईची गाणी त्यांनाही आईकडून आलेली. भादव्यात पुनवेला गुलाबाई, म्हणजे पार्वती, माहेरी येते, महिनाभर पोरी तिच्यापुढे टिपऱ्या वाजवत गातात आणि कोजागिरीला तिची पाठवणी करतात. ती चाल बाईंनी उचलली आणि तिच्यात बीजगणित बसवलं.

*ए चा वर्ग ग पहिल्या दारी,*
*बी चा वर्ग ग शेवटल्या घरी,*
*मधी दोघांची जोडी ग बाई,*
*दोनदा घेतल्याविना उठायचं नाही.*

आणि वजाबाकीचं सूत्र आलं की टिपरीचा ठेका मोडायचा, मान वळवायची:

*वजा आली नि मधली रुसली,*
*दोन्ही टोकं हसत बसली.*

गावातल्या बाया पाण्याला जाताना थांबायच्या. "अवं बाई, गुलाबाई आजून माहेरले उनी नही, तुम्ही तिले आतेच नाचाडी ऱ्हायन्यात!" हेडमास्तर म्हणाले, "तुमचं भजनी मंडळ कसं चाललंय?" बाई हसून सोडून द्यायच्या. कारण ज्या पोरीला मार्चमध्ये पंच्याहत्तरपैकी नऊ मार्क पडले होते, ती आता गणितामागून गणित सोडवत होती. उजव्या हातात खडू, डावा हात मांडीवर ठेका धरून.

टिपऱ्या सुकदेवनंच केल्या होत्या. रंधा मारून, तेल पाजून. देताना म्हणाला, "घ्या बाई. लगीनमा द्यावाना पाट करत व्हतू, त्यानं लाकूड उरनं." मग हळूच खरं ते बोलला. शिरपूरकडचे पाहुणे चंद्रकलेला बघायला यायचं म्हणतात. मुलगा बसवर कंडक्टर. त्यानं त्यांना दिवाळीपर्यंत थोपवलं होतं, पण ते थांबेनात. "पेपर चांगला गया तर मी त्यासले नही म्हणसू. नही गया तर येवाना रविवारले बोलावसू. दोनदा पडेल पोरले घरमा ठेईसन मी काय करू? तुम्ही खोटं बोलत नहीत, बाई. पेपर व्हयना का तुम्हीच सांगा माले."

नऊ जणींतली एक. तिच्यावर सगळं येऊन टेकलं होतं.

धुरपदाबाई फाटकातून बाहेर आली ती हातातली कळशी तशीच घेऊन. परीक्षेला पोरांना पाणी द्यायला शाळेनं तिला ठेवलं होतं. चंद्रकलेच्या आईच्या माहेरची ती, म्हणून सकाळीच ओळख निघाली होती. ती सरळ निंबाखाली आली.

"बाई, तुमनी पोर लिखत नही."

"लिहीत नाही म्हणजे?"

"आगोदर लिखे. मंग बाकवर बोटं वाजाडाले लागनी, तोंडमा काहीतरी पुटपुटे. सरसले वाटनं, मांगल्या पोरले खुणा करी ऱ्हायनी. त्यासनी उठाडं, दारपासला एकल्या बाकवर बसाडं. म्हणे, आता ओठ हलला तर पेपर काढून घेईन. तवयपासून बशी शे. हात मांडीखाल दाबीसन. डोयाले धार लागेल शे."

कळशीतलं पाणी हिंदकळलं. 

आपण काय केलं हे प्रमिलाबाईंना त्या क्षणी लख्ख दिसलं. चार महिने त्या पोरीला गाणं दिलं. गाण्यातून गणित कसं उचलायचं ते दिलं. पण गाणं खाली ठेवून चालायचं कसं, ते एक दिवसही शिकवलं नाही. ओट्यावर टिपऱ्या वाजवायला मुभा होती. परीक्षेच्या खोलीत नसते, हे चाळीस वर्षांच्या मास्तरणीला कळू नये? पोरीला काठीवर चालायला शिकवलं आणि ऐन पुराच्या पाण्यात काठी आपल्याच पिशवीत घेऊन उभ्या राहिलो.

भिंतीवरचा एक जण हे ऐकत होता. भिकन त्याचं नाव, मेहुण्यासाठी आला होता. त्यानं खाली उडी मारली. "बाई, दारपासला बाक म्हंजे पहिली खिडकी. माझा नेम चुकत नाही. तुम्ही चार ओळी लिहून द्या फक्त."

"नको."

"अवो, सगळेच देऱ्हायनेत."

"म्हणूनच नको," बाई म्हणाल्या. ओट्यावरच्या वर्गाचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी पहिल्या दिवशी नऊही मुलींकडून म्हणवून घेतला होता. भिंतीबाहेरून आलेलं काही घ्यायचं नाही. पडलो तर आपल्या पायानं पडू.

भिकननं खांदे उडवले. आत कुठेतरी घंटेचा एक टोल पडला. तास गेला. दीड तास उरला.

प्रमिलाबाईंना ती बाकावर दिसत होती. खिडकी दिसत नव्हती, भिंत मधे होती, तरी दिसत होती. मांडीखाली दाबलेले हात, कोरं ठेवलेलं पान. आणि येणारा रविवार. पाट, पाहुणे, पोहे, डोक्यावरून पदर. त्यांनी पिशवीत हात घातला. टिपऱ्या गार होत्या.

शब्द नाही ना पाठवत, त्यांनी स्वतःला सांगितलं. चिठ्ठी नाही. उत्तर नाही. नुसता ठेका. गुलाबाईचे दिवस आहेत, गावभर टिपऱ्या वाजतात. ही का कॉपी?

पण त्या भिंतीकडे चालत गेल्या तेव्हा आधी हवालदार कुठे उभा आहे ते त्यांनी बघून घेतलं. 

पलीकडे पहिली खिडकी असेल तिथे भिंतीशी त्या थांबल्या आणि टिपरीवर टिपरी मारली. टक्, टक्, टक-टक टक्. पहिल्या दारी. शेवटल्या घरी. भिंतीवरची माणसं वळून बघू लागली. बाई वाजवत राहिल्या. दोनदा घेतल्याविना उठायचं नाही. ऊन डोक्यावर होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, पदर खांद्यावरून घसरला होता आणि पदर सारखा करायला हात मोकळा नव्हता. वजा आली नि मधली रुसली. ऐक ग पोरी. एवढं एकदा ऐक.

"वा बाई!" परत भिंतीवर चढलेला भिकन ओरडला. "चिठ्ठीपेक्षा तुमनी युगत भारी! आमले म्हणे नको!"

भिंतीवर हसू पसरलं. हवालदार काठी आपटत आला तेव्हा बाकीचे पांगले, बाई पांगल्या नाहीत.

"मास्तरीण ना तुम्ही?" तो जवळ येऊन हळू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "चला. सावलीत बसा."

त्या सावलीत बसल्या. तळहात लाल झाले होते. पेपर सुटेपर्यंत त्यांनी ते हात पदराखाली धरून ठेवले.

शेवटची घंटा झाली. पोरं आरडत बाहेर पडली. चंद्रकला सगळ्यांच्या मागून आली. डोळे सुजलेले, उजव्या हाताच्या बोटांवर शाई. ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"ऐकू आलं का ग?" बाईंनी विचारलं.

"आलं."

"मग?"

"मी कान झाकी लिधात."

बाईंना वाटलं, आपणच नीट ऐकलं नाही.

"तुम्हीच म्हणे व्हतात ना, भिंतीबाहेरनं काही घ्यायचं नही. माले वाटनं, कोणीतरी आपलं गाणं चोरी नेयं. मंग वयखू उनं, तुमनाच हात शे." तिचा आवाज फुटला. "बाई, कसाले वाजाडं तुम्ही?"

 प्रमिलाबाईंनी पदराखालचे हात आणखी आत ओढले.

"मग कोरा दिलास पेपर?"

"नही. कान झाकेल व्हतात, तवय याद उनं. पहिल्या दिवशी, गाण्याच्या आगोदर, तुम्ही व्याहीभेट सांगी व्हती." ती नाक पुसत सांगत गेली. एका कंसातला प्रत्येक जण दुसऱ्या कंसातल्या प्रत्येकाला भेटतो. जसं लग्नात इकडचा एकेक माणूस तिकडच्या एकेकाच्या गळ्यात पडतो. कोणी राहायला नको. "तसंच करं. सूत्र नही आठवनं, एकेकले भेटाडत गऊ. पण लई येळ लागना, बाई. तीनच प्रश्न व्हयनात. चौथा अर्धा."

बाईंनी मनात जोडून पाहिलं. वीस. फार तर बावीस. उद्या भूमिती. दोन्ही पेपर मिळून त्रेपन्न लागतात.

सुकदेव फाटकाशी सायकल धरून उभा होता. कोणाच्या तरी चौकटीचं काम टाकून आलेला, पायजम्यावर लाकडाचा भुसा. तो मुलीशी बोलला नाही. बाईंकडे आला.

"सांगा बाई. कसा गया?"

चांगला गेला म्हटलं असतं तर पाहुणे थांबले असते. निकालाला दोन महिने. दोन महिन्यांत काहीही होऊ शकतं. एक शब्द, तोही फारसा खोटा नाही. पोरीनं खरंच जीव तोडून लिहिलं होतं. बाईंनी तोंड उघडलं आणि चंद्रकलेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. कान झाकून घेतले होते ते हात आता दोन्ही बाजूंना सैल सोडलेले.

"चांगला नाही गेला, सुकदेवभाऊ," त्या म्हणाल्या. "वीस-बावीस मिळतील. उद्या एकतीस-तेहतीस हवेत. मिळतील का, मला सांगता येत नाही. आणि आजचं जे बिघडलं ते माझ्यामुळे. तिच्यामुळे नाही."

सुकदेवनं सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं. वाजवली नाही.

"उद्याना पेपर देवू दे तिले," तो म्हणाला. "रविवारले पाव्हना येतीन." मग हात पुढे केला. "त्या टिपऱ्या आणा. आते त्यासनं काय काम?"

बाईंनी पिशवीतून काढून दिल्या. त्यानं त्या न बघता कॅरिअरला अडकवल्या आणि सायकल वळवली. रस्त्याच्या खड्ड्याखड्ड्याला त्या एकमेकींवर आपटत गेल्या. टक्. टक्. ठेका नसलेला आवाज.

बसला अजून तास होता. दोघी स्टँडच्या बाकावर बसल्या. प्रमिलाबाईंनी भूमितीचं पुस्तक मांडीवर उघडलं. जीव इतका थकला होता की ओठांवर चाल आपोआप आली. त्रिकोणाचे ग तिन्ही भाऊ...

"बाई," चंद्रकला म्हणाली. "गाणं नको. सरळ सांगा."

त्या थांबल्या. स्टँडवर फेरीवाले ओरडत होते, धुळ्याची गाडी लागली होती.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "एकशे ऐंशी अंश असते. का, ते सांग."

चंद्रकला वाकली. बाकाखालच्या धुळीत तिनं बोटानं एक त्रिकोण काढला. एक बाजू वाकडी आली. ती तळहातानं पुसली आणि पुन्हा काढायला घेतली.