बोलका व्हॉल्व्ह

"फोडला? माझा व्हॉल्व्ह हातोडीने फोडलात तुम्ही?"

एस्मत हानिमनी जुना व्हॉल्व्ह परत मागितला होता; माझं उत्तर ऐकून त्या दुकानाच्या दारातच थांबल्या. आठवड्यापूर्वी मीच त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून दिला होता, त्यामुळे मला आधी वाटलं होतं, बाई आभार मानायला आल्या असतील. कसले आभार आणि कसलं काय!

या बंदराच्या शहरातल्या अत्तारीनच्या बाजारात पस्तीस वर्षं मी रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह विकतोय. माझी पद्धत ठरलेली. व्हॉल्व्ह बसवायचा, तापू द्यायचा आणि पेन्सिलीने हलकी टिचकी मारायची. स्पीकर गप्प राहिला तर व्हॉल्व्ह चांगला. 'ट्ण्ण' असा वाजला तर तो बोलका, म्हणजे आतून सैल झालेला. बोलका व्हॉल्व्ह मी तिथल्या तिथे फोडतो, नाहीतर कुणीतरी कचऱ्यातून उचलून माझ्या नावावर खपवेल. हानिमचा, म्हणजे या बाईसाहेबांचा, तर इतका बोलका होता की मी खोकलो तरी वाजायचा.

"हानिम, तो खराब होता. नवा निवडून घातलाय. आवाज चांगला येत नाही का?"

"येतो. डोंबलाचा चांगला!" त्या स्टुलावर टेकल्या. "आमच्या घरात लाकडी जमीन आहे, उस्ताद. आमचे हे, लबीब, गोदीतल्या कचेरीतून दोन वाजता यायचे. दारात पाऊल पडलं की गाण्याच्या मधेच ट्ण्ण व्हायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, आलात का? तीस वर्षं!"

लबीबसाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"वेड नाही लागलेलं मला. ते गेलेत, हे मला कळतं. पण शेजारीण आली तरी ते वाजायचं, आणि एक श्वासभर वाटायचं, आले. तेवढाच एक श्वास उरला होता हो माझ्याकडे. तो तुम्ही दुरुस्त केलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंद पडलेल्या एका सिनेमागृहातून आणलेली व्हॉल्व्हची पेटी अजून तपासायची होती. ती काखोटीला मारली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. जन्मभर चांगलं निवडलं, आज वाईटातलं वाईट शोधायचं होतं!

त्यांच्या दिवाणखान्यात हानिम पाठमोऱ्या बसल्या. मी व्हॉल्व्ह बसवायचा, अर्धं मिनिट थांबायचं, बाहेर जाऊन पुन्हा आत चालत यायचं, असं सुरू झालं. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसराही गप्प.

"भलतेच सभ्य आहेत हो तुमचे व्हॉल्व्ह," हानिम म्हणाल्या.

"आज माझं नशीबच खोटं," मी म्हटलं. गरम काच रुमालात धरून धरून बोटं पोळली होती. सातवा सापाने फुत्कारावं तसा खरखरला. आठवा वाजला, पण डबा पडल्यासारखा. "नको, तो दचकवेल मला," त्या म्हणाल्या.

पेटीत खाली चारच उरले. मनातल्या मनात मी अल्लाची करुणा भाकत होतो, वाईट व्हॉल्व्हसाठी! अकरावा बसवला, बाहेर गेलो, आत आलो. ट्ण्ण.

हानिमची पाठ ताठ झाली.

"हाच का?" मी विचारलं.

"जवळ आलाय. पण तुम्ही सैनिकासारखे चालता हो. ते डावा पाय जरा ओढायचे."

मी पुन्हा बाहेर गेलो. दार लोटून घेतलं, उघडलं आणि डावा पाय ओढत आत आलो. ट्ण्ण... मग लांबट, दबकं, ट्ण्ण्ण्.

"आलात का?" हानिम म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "आज उशीर केलात."

पुढचं पाऊल टाकलं असतं तर ते लबीबसाहेबांचं नाही, माझं वाजलं असतं. मी एका पायावर भार देऊन तसाच उभा राहिलो. गुडघा दुखायला लागला तरी हललो नाही.