पुढच्या चाकाचे छर्रे

दिगंबरकाकांचं सायकलचं दुकान कसबा पेठेत होतं आणि ओव्हरऑइलिंगसाठी त्यांच्याकडे पार कोथरूडहून माणसं येत. चाक उघडायचं, काळं पडलेलं ग्रीस रॉकेलने धुवायचं, छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ती वाटी आणि कोन तपासायचे, छर्रे बदलायचे. छर्रे बदलायचे तर सगळे, आणि एकाच पुडीतले, हा काकांचा नियम होता. जुन्यात नवे मिसळले तर जो केसभर मोठा असतो त्याच्यावरच सगळा भार येतो आणि तो फुटतो. कुणी म्हणालं, दोनच बदला, तर काका म्हणत, "अर्धवट काम पुढच्या चौकात करतात. तिकडे जा."

२००१ सालापर्यंत पुढच्या चौकातल्या त्या दुकानाच्या जागी सायबर कॅफे आला होता आणि काकांकडेही मोजकीच गिऱ्हाइकं उरली होती. त्यांतला एक उत्तरेश्वर. लातूरकडचा, पस्तिशीचा. बायको मुक्ताबाई आणि दोन मुलींना घेऊन जवळच भाड्याच्या खोलीत राहायचा. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या बागेत माळी होता आणि रोज एवढ्या लांब सायकलनेच जायचा.

जानेवारीत तो सकाळी कामावर जाताना दुकानी थांबला. पायडलचा क्रँक हलत होता, पुढचं चाक करकरत होतं. काकांनी आधी क्रँक उघडला. वाट्या बदलल्या, दोन्ही बाजूंना नवे छर्रे भरले. पुढचं चाक घेतलं तेव्हा हाताचा धक्का लागून छर्‍यांची पुडी थाळीत सांडली. थाळीत त्याच चाकाचे धुतलेले जुने छर्रेही होते.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभर त्यांनी तो घरातसुद्धा लपवला होता. छर्रा बोटांत फिरवला की कळतं, असं ते स्वतःला समजावत. त्या सकाळी त्यांनी एका बाजूचे दहा छर्रे असेच बोटांनी निवडले. शेवटच्या दोन छर्‍यांबद्दल शंका आली. उत्तरेश्वर शेजारीच उभा होता, "जरा बघा हो, हे नवेच आहेत ना," एवढं विचारायचं होतं. ते विचारवलं नाही. काकांनी ग्रीस भरलं, कोन आवळला, चाक फिरवून पाहिलं. चाक बिनआवाज फिरलं.

एकोणीस दिवसांनी औंधच्या पुलाजवळ भाजीच्या टेंपोखाली सापडून उत्तरेश्वर गेला. टेंपो भीमराव नावाचा ड्रायव्हर चालवत होता, मार्केट यार्डातून निघाला होता. लोकांनी त्याला खाली ओढून मारलं. सायकलवाला आपोआप समोर पडला, असं तो सांगत राहिला. सगळेच ड्रायव्हर असं सांगतात, म्हणून कुणी ऐकलं नाही.

महिन्याभराने पोलिसांनी सायकल परत दिली. मुक्ताबाई ती कशीबशी ओढत काकांकडे घेऊन आली. नीट करून द्या, थोरली शाळेला नेईल, म्हणाली. मागचं चाक चेपलं होतं. पुढचं सरळ होतं, पण फिरत नव्हतं. ती गेल्यावर काकांनी ते उघडलं. एका छर्‍याचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातला एक कोन आणि वाटीच्या मध्ये पाचरीसारखा बसला होता. उरलेले छर्रे काकांनी उन्हात नेऊन डोळ्याजवळ धरले. त्यातला एक खड्डे पडलेला, जुना होता.

तीन दिवस ते दुकानात गेले नाहीत. चौथ्या दिवशी मुक्ताबाईच्या खोलीवर गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाक जागच्या जागी अडकलं, म्हणून तो पडला. टेंपो त्यानंतर आला.

मुक्ताबाईने धाकटीला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं.

"हे पोलिसाला सांगितलंत?"

"नाही. आता जाणार आहे."

"जाऊ नका. टेंपोवाल्याच्या विम्यावर केस टाकलीय. चाकाचा दोष निघाला तर माझ्या पोरींना काहीच मिळायचं नाही." मग ती म्हणाली, "तुमाला सांगून मोकळं व्हायचंय. आमाला जगायचंय."

काका परत फिरले. तिच्यासाठी आपण गप्प आहोत, असं ते मनाशी म्हणत. पण गप्प राहायला मिळालं म्हणून त्या दिवशी घरी जाताना आपल्याला हलकं वाटलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. सायकल त्यांनी नीट केली, थोरल्या मुलीकडून प्रत्येक छर्रा तपासून घेतला, आणि दुकान बंद केलं. भीमरावला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मुक्ताबाईला भरपाई मिळाली.

त्याच्या पुढच्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठवड्याभरात काका मार्केट यार्डात गेले आणि विचारत विचारत भीमरावपर्यंत पोचले. त्याला पुन्हा गाडी कुणी दिली नव्हती. कांद्याच्या गाळ्यावर तो पोती उचलत होता. काकांनी त्याला कडेला बोलावून छर्रा, मोतीबिंदू, अडकलेलं चाक, काही न वगळता सांगितलं. तो मारेल, असं त्यांना वाटलं होतं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं होतं.

भीमरावने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

"मंजी तो खरंच आपोआप पडला?"

"हो."

"आत बसून बसून मलाच वाटाया लागलं होतं, माझा डोळा लागला असंल." त्याने फडकं पुन्हा डोक्याला बांधलं. "तुमाला कधीपास्नं ठावं हाय?"

"तुझा खटला उभा राहायच्या आधीपासून."

त्याने मान हलवली. पलीकडून मुकादमाने हाक मारली. भीमराव गेला, वाकला, दोघांनी त्याच्या पाठीवर पोतं चढवलं. काका दुपारपर्यंत तिथेच गाळ्याच्या कडेला उभे होते. तो चार-पाच वेळा त्यांच्या समोरून गेला, पण थांबला नाही.